थोरलीचा फायरमन

४ फेब्रुवारी

ताई,

पायाला मांडीपर्यंत प्लास्टर आहे, त्यामुळे साष्टांग नमस्कार जमणार नाही. बसल्या बसल्या जेवढा होतो तेवढा घे.

घाबरू नकोस. भिंतीवरचं इंजिनाचं चित्र तिरकं झालं होतं, ते सरळ करायला स्टुलावर चढलो आणि स्टुलानं दगा दिला. चित्र अजून तिरकंच आहे. बायको म्हणते, खऱ्या इंजिनाखाली सापडला असतात तर निदान चारचौघांत सांगायला तरी बरं वाटलं असतं. दुकान सध्या तीच बघते. डोळे तपासायला एक माणूस ठेवलाय, चष्मे ती विकते, आणि माझ्यापेक्षा जास्त विकते असं कानावर येतं.

आता कामाचं. तुला हसायची सवय आहे, पण आधी पुरतं वाच. तुमच्या स्टेशनामागच्या जुन्या शेडमध्ये 'थोरली' आली आहे. घाट चढणाऱ्या वाफेच्या इंजिनांतलं सगळ्यात मोठं. कुठल्याशा संग्रहालयाच्या अंगणात ती इतकी वर्षं पावसात भिजत उभी होती. आमच्या जुन्या-इंजिन मंडळानं ती मागून आणली. आता ती दुरुस्त करायची आणि नोव्हेंबरात डबे जोडून पुन्हा घाटातून खिंडीपर्यंत न्यायची, असं ठरलंय.

मी आयुष्यभर या घाटाचे फोटो जमवले आणि आता ती तुझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर असताना मी इथे, दोन दिवसांच्या प्रवासावर, तंगडी वर करून पडलोय. तेव्हा तू जा. नुसती जा, बघ आणि लिही. फोन नको. फोनवर मी ऐकत नाही, नुसता बोलतो, असं तूच म्हणतेस. बेकरी आता भाची आणि जावई सांभाळतात, म्हणजे वेळ नाही हे कारणही चालणार नाही.

तुझा
चिमण्या
(पन्नाशी उलटली, पण तुझ्यापुढे दुसऱ्या नावानं सही करायला हात धजत नाही.)


१७ फेब्रुवारी

चिमण्या,

पत्र मिळालं. हसले. मग गेले.

तुझी थोरली सध्या कशीच दिसत नाही. चाकं एकीकडे, धड दुसरीकडे, आणि मधे माणसं नट आवळायचे पाने घेऊन फिरताहेत. एकजण पुढच्या गोल दारातून आत डोकं घालून नळ्या खरवडत होता. बाहेर आला तेव्हा काजळीखालून ओळखलं. आपले दातांचे डॉक्टर. माझी दाढ त्यांनीच काढली होती. आठवडाभर लोकांच्या तोंडात आणि रविवारी इंजिनाच्या. मला म्हणाले, "हिचं बरं आहे, ही ओरडत नाही."

मुख्य माणूस म्हणजे म्हातारे ड्रायव्हरसाहेब. ही थोरली त्यांनी तरुणपणी चालवलेली. बोलायला अगदी कंजूष. मला विचारलं, "काय हवंय?" मी म्हटलं, "काही नको. बघून भावाला कळवायचंय." तर म्हणाले, "मग त्या खोक्यावर बसा आणि मधे येऊ नका." बसले. सोबत बिस्किटांचा डबा होता, तो फिरवला. दुपारपर्यंत खोक्यावरून खुर्चीवर बढती मिळाली.

तुझ्या इंजिनाच्या पोटात एक भट्टी आहे. मी डोकावून बघितलं. माझ्या बेकरीतल्या भट्टीएवढीच, फक्त खोल जास्त आणि दार लहान. तीस वर्षं मी भट्टीपुढे काढली, तेव्हा एवढं तरी कळतं की हिची राख नीट काढलेली नव्हती. बोलले नाही. मधे येऊ नका म्हणाले होते.

पाय हलवू नकोस. स्टूल मोडून जाळायला सांग.

ताई


३ मार्च

ताई,

तुझं पत्र बायकोला वाचून दाखवलं. चष्मा न्यायला घरी आलेल्या एका गिऱ्हाइकालाही दाखवलं. तो बिचारा दरवाजाकडे बघत होता, पण ऐकलं त्यानं.

मला सगळं हवं. चाकं बसवली का? वाळूच्या नळ्या रुळापर्यंत पोचतात का? चढावर चाकं घसरली तर त्यांच्यापुढे वाळूच सोडावी लागते. ड्रायव्हरसाहेबांना विचार, दुसऱ्या बोगद्याखालचं वळण अजून तसंच ओलं असतं का. ते तुला उत्तर देतील. बिस्किटांत फार ताकद असते.

एक गोष्ट फक्त तुला सांगतो. डॉक्टरांनी पायाबरोबर छातीही तपासली. लहानपणी फाटकापाशी इंजिन आलं की तू मला पाठीमागे ओढायचीस, तरी आठवडाभर मी खोकत पडायचो. आता डॉक्टरांनी तेच लेखी दिलंय: कोळशाच्या धुराच्या आसपास फिरकायचं नाही. नवीन काही नाही. मंडळात कोणाला माहीतच नाही की मी आजवर चालत्या वाफेच्या इंजिनाच्या जवळ गेलेलो नाही. नेहमी वाऱ्याची दिशा बघून लांबच्या टेकाडावर. त्यांना वाटतं, दुरून फोटो घेणं ही माझी शैली आहे. एकानं तर त्यावर लेख लिहिला.

भट्टीत कोळसा टाकणारा फायरमन कोण होणार ते कळव. ड्रायव्हर गाडी चालवतो असं लोकांना वाटतं. घाटात गाडी फायरमन चालवतो.

चिमण्या


२२ जून

चिमण्या,

मधल्या तुझ्या पत्रांना उत्तर दिलं नाही, रागावू नकोस. हात रिकामे नव्हते.

थोरली उभी राहिली. चाकं बसली, रंग लागला, आणि गेल्या रविवारी पहिल्यांदा पूर्ण वाफ धरली. सकाळपासून पेटवत होतो. म्हणजे ते पेटवत होते. आधी लाकूड, मग बारीक कोळसा, मग मोठा. घाई केली तर बॉयलर रुसतो. दुपारी वाफेच्या दाबाचा काटा हलला आणि ती एकदम अंगात आल्यासारखी आवाज करायला लागली, आतून, हळू, झोपलेल्या जनावरासारखा. दातांच्या डॉक्टरांचे डोळे भरून आले होते. म्हणाले, काजळी गेली डोळ्यांत.

फायरमनचं विचारलं होतंस. आधी ठरला होता तो बसचा ड्रायव्हर. एप्रिलमध्ये वजन उचलताना त्याची कंबर धरली, आता वाकता येत नाही. त्यामुळे दुसऱ्या कोणालातरी शिकवताहेत. सगळ्यात अवघड म्हणजे भट्टीच्या मागच्या कोपऱ्यात कोळसा पोचवणं. दाराच्या आत गेल्याबरोबर फावडं मनगटातून उलटं करावं लागतं, नाहीतर सगळा ढीग पुढेच पडतो. असं म्हणतात.

अक्षर वाकडं आलंय. बोट भाजलंय जरा. विशेष नाही.

ताई


५ जुलै

ताई,

मनगटातून फावडं उलटं करतात हे मी इतक्या पुस्तकांत शोधलं आणि ते तू मला सहज दोन ओळींत लिहितेस. तू इंजिनाच्या नादाला लागलीस, मान्य कर. घरात आता दोन वेडे झाले, असं बायको म्हणते. मला तर फार बरं वाटलं. इतकी वर्षं मी एकटाच होतो.

पण बोट कसं भाजलं? बेकरीत अजून तूच राबतेस का? भाचीला माझा निरोप दे: आईला भट्टीपुढे उभी करायचं वय गेलं. तुला सांगायचा धीर होत नसेल तर मी तिला वेगळं पत्र लिहितो.

प्लास्टर निघालं. काठी घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येतो.

आणि तो नवा फायरमन कोण? मंडळातला आहे की बाहेरचा? कोणी का असेना, नशीब काढलं त्यानं. खरं सांगू, त्याच्या जागी एक दिवस उभं राहायला मिळालं असतं तर मी उरलेलं आयुष्य गुपचूप चष्मे विकत काढलं असतं. त्याला म्हणावं, एक माणूस तुझ्यावर जळतोय, आणि तेही बिनधुराचं.

चिमण्या


१२ ऑगस्ट

चिमण्या,

चाचणी झाली. वाईट झाली.

रिकामे डबे जोडून सकाळी निघालो. मी पण गेले होते गाडीबरोबर. सपाटीवर थोरली छान धावली. पहिला बोगदा पार केला. दुसऱ्या बोगद्याखाली वळणावर वाफ उतरायला लागली. फायरमननं घाबरून कोळसा टाकला, वाफ आणखी उतरली, त्यानं आणखी टाकला. धुरांड्यातून काळाकुट्ट लोट निघत होता आणि गाडी चालत्या माणसाच्या वेगावर आली. मग थांबलीच. ड्रायव्हरसाहेबांनी हळूहळू मागे घेत गाडी खाली आणली.

चूक त्या फायरमनची. वय झाल्यावर असल्या फंदात पडू नये माणसानं. मंडळात कुजबुज चाललीय की दुसरा कोणी बघावा, नाहीतर मागून ढकलायला डिझेल इंजिन लावावं. डिझेल लावलं तर लोक कशाला येतील.

तुझ्या भाचीला पत्र लिहू नकोस. तिचा काही दोष नाही.

ताई


२० ऑगस्ट

ताई,

तुझं पत्र वाचून मी त्या माणसाबद्दलच विचार करत बसलो. तू फार कठोर लिहिलंस. पहिल्याच चाचणीत ओल्या वळणावर वाफ गेली तर त्यात लाज कसली? आणि वयाचं काय घेऊन बसलीस? माझ्या वतीनं त्याला पुढचं वाचून दाखव. मी कधी फावडं हातात धरलेलं नाही, हे त्याला सांगितलंस तरी चालेल. पण धूर बघण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही. दुसरं काही बघायला मिळालंच नाही मला.

काळा लोट फोटोत फार देखणा दिसतो, म्हणून आम्ही सगळे त्यावर भाळतो. पण माझ्याकडचे घाटातले सगळे फोटो मी पुन्हा टेबलावर पसरले. जिथे काळा धूर आहे तिथे गाडी रखडलेली आहे. जिथे गाडी जोरात आहे, खिंडीच्या तोंडाशीसुद्धा, तिथे धूर फिका आहे, धुऊन धुऊन विटलेल्या मलमलीसारखा. काळा धूर म्हणजे न जळलेला कोळसा. भट्टी त्याच्या ओझ्याखाली गुदमरते. मला छाती गच्च झाल्याचं कळतं, तसंच आहे ते. तेव्हा आणखी काही कोंबायचं नसतं, हवा द्यायची असते.

त्याला म्हणावं, काट्याकडे बघू नकोस, धुरांड्याकडे बघ. थोडा कोळसा टाक. धूर काळा होईल. तो फिका होईपर्यंत थांब, मग पुढचा. मन म्हणेल टाक, टाक. टाकायचा नाही. आणि वळणाच्या आधी, सपाटीवरच आग तयार ठेव.

आणि त्याला म्हणावं, फावडं ठेवू नकोस.

चिमण्या


१४ सप्टेंबर

चिमण्या,

तुझं पत्र त्या फायरमनला वाचून दाखवलं. त्यानं ऐकलं. काल दुसरी चाचणी झाली. थोरली खिंडीपर्यंत गेली, वर उभी राहून शिट्टी दिली आणि खाली आली. डिझेलचं नाव आता कोणी काढत नाही. ड्रायव्हरसाहेब फायरमनला एवढंच म्हणाले, "बरं होतं." त्यांचं बरं म्हणजे तुझ्या शब्दांत पानभर होईल.

त्यानं तुला नमस्कार सांगितलाय. मनापासून.

आणखी लिहायचं होतं. पुन्हा कधीतरी.

ताई


३ ऑक्टोबर

ताई,

मंडळाचं मासिक आलं. बाराव्या पानावर चाचणीचा फोटो आहे. इंजिनाच्या खिडकीत फायरमन दिसतो. त्याच्या डोक्याला निळ्या चौकटींचा रुमाल आहे, उजव्या कानामागे गाठ मारलेला. बेकरीत तू तसाच बांधायचीस.

पाय बरा आहे.

चिमण्या


९ ऑक्टोबर

चिमण्या,

हो, मीच.

सांगते सगळं. मार्चमध्ये बिस्किटं घेऊन गेले होते. बॉयलर तपासायला लहानशी आग करायची होती आणि त्यांना ती जमत नव्हती. ओली लाकडं, वर कोळशाचा ढीग, आणि सगळे वाकून फुंकताहेत. मला बघवेना. हात शिवशिवायला लागले. शेवटी म्हटलं, सरका. सगळं बाहेर काढलं, नीट रचलं, पेटवलं. ड्रायव्हरसाहेब बघत होते. मग बसवाल्याची कंबर गेली आणि ते माझ्या घरी आले. चहा घेतला. उठताना म्हणाले, "शिकणार का?"

मला नाही म्हणायचं होतं, खरंच. पण तोंडातून हो निघालं. या वयात मला कोणी काही शिकणार का विचारलंच नव्हतं रे. उन्हाळाभर शेडच्या मागे एका फळीला भोक पाडून त्यातून फावड्यानं खडी टाकत बसले. डॉक्टरी तपासणी झाली, मंडळाची परीक्षा झाली. सगळ्यांना वाटत होतं भट्टीवाली बाई आहे, जमेल. उलट तीच अडचण झाली. बेकरीत भट्टी एकदा गच्च भरली की दार लावून वाट बघायची असते. इथे तसं केलं आणि त्या वळणावर अडकले. तुझं पत्र आलं नसतं तर मी फावडं परत करून आले असते. ठरवलंच होतं.

तुला का नाही सांगितलं? लिहायला बसायचे, आणि तुझं 'त्याच्या जागी एक दिवस' समोर यायचं. तुझ्या ताटातला घास उचलून खाल्ल्यासारखं वाटायचं. तू आयुष्यभर ज्याच्याकडे टेकाडावरून बघितलंस, तिथे मी बिस्किटांचा डबा घेऊन चढले.

तू नको म्हणालास तर सोडते. बसवाल्याचा भाऊ शिकायला तयार आहे, नोव्हेंबरपर्यंत त्याला येईल. हे मी रुसून लिहीत नाहीये.

ताई


१९ ऑक्टोबर

वन्सं,

हे पत्र मी तुमच्या भावाला न सांगता लिहितेय, म्हणजे त्यांना माहीत आहे, पण माहीत नसल्यासारखं करताहेत.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी जेवले नाहीत. विचारलं तर म्हणाले, "पोटात दुखतंय." मी मऊ भात केला. दुसऱ्या दिवशीही तेच. मी घाबरून डॉक्टरांना घरी बोलावलं. डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं आणि विचारलं, "नक्की कुठे दुखतंय?" तर हे म्हणाले, "मला बहिणीचं बघून पोटात दुखतंय, डॉक्टर. औषध असेल तर द्या." डॉक्टर हसत सुटले. मी नाही हसले. हे असलं मोकळेपणी बोलतात तेव्हा खरंच दुखत असतं.

त्यानंतर काठी घेऊन रोज लांब लांब फिरून येतात. काल संध्याकाळी दुकानातून ते लहान भिंग घेऊन आले, घड्याळजींसारखं डोळ्याला लावायचं, आणि मासिकाचं ते पान दिव्याखाली धरून बसले. मला वाटलं, तुमचा चेहरा बघताहेत. बऱ्याच वेळानं मान वर करून म्हणाले, "किती फिका आहे बघ." मला काही दिसलं नाही, पण मी हो म्हटलं. मग म्हणाले, "भूक लागली."

तुम्ही फावडं सोडू नका. सोडलंत तर मला यांच्यासोबत राहायचंय, एवढं लक्षात घ्या.

तुमची भावजय


२७ ऑक्टोबर

ताई,

बायकोनं तुला लिहिलंय हे मला माहीत नाही.

रागाचं म्हणशील तर राग नव्हता. हेवा होता, चांगला दणदणीत. परक्या फायरमनचा हेवा करणं सोपं होतं. त्याचा चेहरा नव्हता, त्याला मी मोठ्या मनानं उपदेशही केला. तोच माणूस माझी बहीण निघाल्यावर लाज वाटायला लागली, आणि हेवा काही कमी झाला नाही. दोन्ही एकदम पोटात घेऊन फिरत होतो.

मग एक ध्यानात आलं. तो फोटो मी किती वेळा बघितला असेन, पण रुमालाच्या गाठीपलीकडे गेलोच नव्हतो. इंजिनाचा फोटो हातात घेतला आणि धूर बघायचा राहिला, असं आयुष्यात पहिल्यांदा झालं. म्हणून भिंग लावून धूर बघितला. दुसऱ्या बोगद्याखालचं तेच वळण, चढ, मागे सगळे डबे, आणि धूर फिका. मी टेबलावर फोटो पसरून जे तुला लिहिलं, ते तू तिथे उभं राहून करून दाखवलंस. माझा फावड्याशी एवढा संबंध येईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

बसवाल्याच्या भावाला जरूर शिकवा, पण तुझ्या जागेवर नव्हे.

नोव्हेंबरात आम्ही दोघं येतोय. मी नेहमीप्रमाणे टेकाडावर असेन, वाऱ्याच्या उलट बाजूला. माझ्यासाठी म्हणून मुद्दाम काही करू नकोस. काळा धूर तर अजिबात नको.

चिमण्या


२४ नोव्हेंबर

ताई,

सुखरूप पोचलो. तुझ्या घरी त्या रात्री आपण नुसते जेवलो. तू तर ताटावरच पेंगायला लागलीस. बोलायचं राहिलं ते आता लिहितो.

सकाळी टेकाडावर आम्ही दोघं आणि मंडळाचे वीसेक छायाचित्रकार, कॅमेऱ्याच्या तिकाट्या रोवून. त्यांतला एक मला म्हणाला, "आज काळा लोट मिळाला पाहिजे, इतक्या लांबून आलोय." मग खालच्या बोगद्यातून आवाज आला. तुम्हाला आतून तो कसा येतो माहीत नाही. बाहेर असं वाटतं की डोंगरच एकेक पायरी मोजत वर येतोय. थोरली वळणावर आली. धुराची नुसती एक फिकी पट्टी, तिच्यातून पलीकडची झाडं दिसत होती. आणि वेग असा की मागचा डबा डोळ्यांसमोरून कधी गेला कळलं नाही. तू दिसली नाहीस. फक्त पाठ दिसली, वाकलेली.

शेजारचा चिडून म्हणाला, "फायरमननं धूरच दिला नाही." मी म्हटलं, "ती माझी बहीण आहे." त्याला वाटलं मी माफी मागतोय. म्हणाला, "असू द्या, होतं असं." बायकोला हसू आवरेना.

मग आम्ही मोटारीनं खिंडीतल्या वरच्या स्टेशनात आलो. थोरली तिथे उभी होती. मी फलाटाच्या पार टोकाला उभा राहिलो, सवयीनं. बायको म्हणाली, "धूर कुठे आहे?" बघितलं तर खरंच नव्हता. धुरांड्यावर नुसती हवा थरथरत होती. तेवढ्यात ड्रायव्हरसाहेबांनी हात केला. तू खिडकीतून बघत होतीस.

इंजिनाच्या पायऱ्या चढताना मी खोकल्याची वाट बघत होतो. आला, पण लहानसा. मग तू भट्टीचं दार उघडलंस.

ताई, मी आयुष्यभर धूर बघितला. आग कधी बघितलीच नव्हती. मला वाटायचं ती लाल असेल. ती पांढरी होती, जवळजवळ निळी, आणि अगदी सपाट, कुठे ढीग नाही की खड्डा नाही, कडेपर्यंत सारखी. तू फावडं माझ्यापुढे धरलंस आणि मी नको म्हटलं. तुला वाटलं असेल मी भ्यालो. भ्यालो नव्हतो. इतकी चांगली आग मोडायला हात होईना.

तुझा
चिमण्या


२ डिसेंबर

चिमण्या,

मला वाटलं नव्हतं तू भ्यालास. मला वाटलं तुझ्या कोटाला काजळी लागेल म्हणून नको म्हणतोस. नवा होता.

एक सांगायचं राहिलं. शेवटच्या बोगद्यातून बाहेर पडल्यावर मी एकही फावडं टाकलं नाही. जे आत होतं ते जळून स्वच्छ होऊ दिलं. खिंड अजून यायची होती आणि काटा खाली येत होता. ड्रायव्हरसाहेब म्हणाले, "टाका." मी म्हटलं, "पुरेल." पुढच्या वळणावर पुन्हा म्हणाले, "बाई, इथे अडकलो तर सगळ्या गावासमोर अडकू." मी म्हटलं, "पुरेल." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "वर कोणी मोठे साहेब येणार आहेत का?" मी म्हटलं, "हो." स्टेशनात शिरलो तेव्हा वाफ जेमतेम उरली होती. मुद्दाम काही करू नकोस असं तू लिहिलं होतंस. ते मी वाचलंच नाही असं समज.

तू खाली उतरलास, तेव्हा ते म्हणाले, "हेच का धूरवाले?" तुझं ऑगस्टचं पत्र मी त्यांनाही वाचून दाखवलं होतं. आता बसवाल्याचा भाऊ ते मागतोय.

येत्या रविवारी पुन्हा पेटवायची आहे. पण या वेळचा कोळसा ओला आलाय. टाकला की आधी नुसता पांढरा धूर निघतो, दाट, आणि बराच वेळ जातच नाही. फिका म्हणावा का काळा, मला कळत नाही. तीन फोटो पाठवतेय, दातांच्या डॉक्टरांनी काढलेत. भिंग लावून बघ आणि काय करू ते शनिवारच्या आत कळव.

ताई